मेणवाल्यांचा जावई

सकाळी दुकानाच्या दारावर नोरेन चढवायचा मान घरच्या कर्त्याचा. निळा सुती पडदा, त्यावर पांढऱ्यात घराण्याची खूण, आणि वरच्या कापडी कड्यांतून ओवलेली बांबूची काठी. तो दारावर दिसला की दुकान उघडलंय, घरात कोणीतरी आहे, असं कुरामोरीच्या जुन्या पेठेत आपोआप समजतात. हागिनो मेणवाल्यांच्या दारावर तो गेली चाळीसेक वर्षं तेत्सुजी चढवत आला होता, गिऱ्हाईक येवो अगर न येवो. अलीकडे न येवोच.

त्या रविवारी नोरेन चढवून झाल्यावर तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि आपलंच घर परक्याच्या नजरेने बघू लागला. भिंतीचा चुना जागोजागी पिवळा पडला होता, पण दर्शनी लाकडी जाळी त्याने कालच तेलाने पुसून काढली होती. मुलगी मिसाओ ओसाकाहून येणार होती आणि तिच्याबरोबर नाओतो सावादा, ज्याच्याशी तिला लग्न करायचं होतं. फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, तो तयार आहे. आपलं आडनाव घेईल, इथे येऊन राहील, दुकान बघेल. पण आधी त्याला गाव बघायचंय, तुम्ही पाहुण्यांना फिरवता त्या फेरीत, चारचौघांसारखं. आणि हे बघा, उगाच हात धुवून मागे लागू नका त्याच्या."

फोन ठेवल्यावर तेत्सुजी बायकोच्या तसबिरीपुढे जाऊन बसला आणि रडला. शेवटच्या आजारात सुमिकोचं एकच मागणं होतं, "नोरेन कायमचा उतरू देऊ नका." तो हो म्हणाला होता. मरणाऱ्या बायकोला दुसरं काय म्हणणार? पण मिसाओ पस्तिशीला टेकली तरी दत्तक जावई व्हायला कोणी राजी होत नव्हतं. आजच्या जमान्यात कोण स्वतःचं नाव टाकून बायकोच्या घराण्याचं नाव लावतो, आणि तेही मेणबत्त्या वळायला?

हागिनोंच्या घरात पिढ्यान् पिढ्या मुलगाच टिकला नव्हता. तेत्सुजी बाहेरून आलेला, त्याचे सासरे तसेच आलेले, त्यांचे सासरेही तसेच. "पोटचा पोरगा निवडता येत नाही, जावई पारखून घेता येतो," असं पेठेतले जुने लोक छाती फुगवून सांगतात. पारखून घेतलेल्याला मात्र कोणी काही विचारत नाही.

फेरी पुलापासून निघते. पेठ वारसा म्हणून जाहीर झाली तेव्हापासून गावातली रिकामी म्हातारी माणसं निळं जाकीट घालून पाहुण्यांना फिरवू लागली. तेत्सुजी पुढे बोलायला, आणि टोफूवाली फुमिए मागे, कोणी वाट चुकू नये म्हणून. फुमिएचा नवरा गेला होता, टोफूचं दुकान गेलं होतं, जीभ तेवढी शाबूत होती.

"आज दाढी दोनदा केलीत वाटतं, मेणवाले," ती म्हणाली. पेठेत माणसाला नावाने कमी, धंद्याने जास्त हाक मारतात. "लग्न कोणाचंय, तुमचं की मुलीचं?"

"गप्प बसा हो."

"बसते की. पोरगा बघितला मी. गरीब दिसतो स्वभावाने. या कामाला गरीबच बरा, नाही का?"

नाओतो मिसाओच्या बाजूला उभा होता. उंच, किंचित पोक काढून चालणारा, ओसाकातल्या एका बेकरीत पहाटे उठून पाव भाजणारा. त्याने वाकून नमस्कार केला तो इतका वेळ की शेवटी मिसाओने त्याची बाही ओढली. बाकी मंडळीत नागोयाचं एक जोडपं होतं, गळ्यात कॅमेरे अडकवलेल्या दोन मैत्रिणी होत्या, आणि एक निवृत्त मास्तर होते, ज्यांनी प्रत्येक गोष्टीवर कुठल्यातरी पुस्तकात दुसरीच गोष्ट वाचलेली होती.

तेत्सुजीचा आवाज त्या दिवशी छान लागला. कागदवाल्यांच्या घरापुढे त्याने दोन घरांच्या मधल्या उंच भिंती दाखवल्या. आग पसरू नये म्हणून बांधायच्या, पण खरं तर शेजाऱ्याला आपली ऐपत दिसावी म्हणून. मास्तर म्हणाले की पुस्तकात आगीचंच कारण दिलंय. तेत्सुजी म्हणाला, पुस्तक लिहिणाऱ्याला शेजारी नसतील. सगळे हसले, नाओतोही हसला, आणि तेत्सुजीला मनातून गुदगुल्या झाल्या. या पोराला गाव आवडतंय, त्याला वाटलं. सुमिको, बघतेस ना?

तांदळाची दारू गाळणाऱ्या साकेवाल्यांच्या दुकानात मालकीणबाईंनी लाल कडधान्याच्या गोड वड्या पुढे केल्या. "अगदी टाकाऊ आहेत हो. तोंडात घालण्याच्या लायकीच्या नाहीत. पण घ्या आपल्या."

नागोयाच्या बाईंनी हात मागे घेतला. फुमिए मागून खिदळली. तेत्सुजीने तिथेच आपला नेहमीचा किस्सा काढला. दर रविवारी तो या वड्यांपाशीच निघायचा.

"बाई, घ्या, घ्या. आमच्या पेठेत आपलं ते हलकं करून सांगायचं असतं, आणि पाहुण्याने ते मानायचं नसतं. जेवढं जास्त हलकं सांगतील तेवढा माल चोख समजा. माझंच ऐका ना. मी या गावात घरजावई होऊन आलो. पहिल्या दिवशी सासरे दारातच उभे. म्हणाले, 'आमच्या घरात काही नाही. एवढ्याशासाठी माणसाने आपलं नाव टाकू नये. तू परत जा.' आता बोला. अंगावर नवा कोट, मागे सामानाची गाडी. मी कमरेत वाकलो आणि म्हटलं, 'माझी योग्यता नाही, पण पदरात घ्या.' ते म्हणाले, 'अरे खरंच सांगतो, जा.' मी आणखी वाकलो. पुन्हा म्हणाले, तेव्हा माझं कपाळ उंबऱ्याला टेकलं. मग काय करणार बिचारे? तोंड फिरवून नोरेनची काठी सरळ करत बसले. हसू दिसू नये म्हणून."

लोक पोट धरून हसले. मास्तर म्हणाले, "म्हणजे तीनदा नकार द्यायची रीत होती म्हणायची."

"तसंच काहीसं," तेत्सुजी म्हणाला.

नाओतो हसत नव्हता. तो मान हलवत होता, वर्गात पुढच्या बाकावरचा मुलगा हलवतो तशी. मग त्याने वडी दोन्ही हातांत घेतली, मालकीणबाईंना वाकून म्हणाला, "माझी योग्यता नाही," आणि खाल्ली. मालकीणबाई बेहद्द खूश झाल्या. मिसाओने बापाकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत उघड अभिमान होता.

तिथून देऊळ. हागिनोंच्या मेणबत्त्या या देवळात पिढ्यान् पिढ्या जळल्या. आता गाभाऱ्यात विजेच्या मेणबत्त्या होत्या, त्यांच्या ज्योती आपोआप थरथरायच्या. तेत्सुजी पाहुण्यांना तिथे फार वेळ थांबू देत नसे. तो त्यांना मागच्या चढावर न्यायचा, जिथे पेठेतल्या घराण्यांचे अस्थींचे दगड ओळीने उभे होते.

"हे हागिनो," त्याने शेवाळ धरलेल्या दगडांकडे बोट केलं. "माझी बायको इथे आहे. माझी जागा तिच्या शेजारी राखलेली आहे, भाडं नाही काही नाही."

मंडळी हसून पुढे सरकली. मास्तर कुठल्यातरी दगडावरची तारीख वाचू लागले. नाओतो मात्र मागे राहिला. त्याने सुमिकोपुढे हात जोडले, बराच वेळ जोडले, आणि मग अगदी हळू विचारलं, "तुमचं आधीचं नाव काय होतं?"

तेत्सुजी चमकला. सुमिकोने हे कधी विचारलं नव्हतं, तिला माहीतच होतं. मिसाओने विचारलं नव्हतं, तिला गरज पडली नव्हती. गावाने विचारलं नव्हतं, कारण गावाच्या लेखी तो या दारात उभा राहिला त्या दिवशी जन्मला होता.

"नागासे," तो म्हणाला. जीभ त्या नावावर अडखळली. "तेत्सुजी नागासे. नदीपलीकडे ती सीडरची झाडी दिसते ना, तिथे आमची वाडी होती."

"मग तुमच्या घरच्यांचे दगड तिकडे असतील."

"होते. धाकटा भाऊ होता, त्याला मूलबाळ नाही. तो गेला. मग बघणारं कोणी नाही म्हणून तिकडच्या देवळाने दगड काढून टाकले. आता नागासे कोणी नाही."

नाओतो खाली मान घालून म्हणाला, "माझे वडील बंदरावर न्हाव्याचं दुकान चालवतात. त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, नाव म्हणजे काय खायची वस्तू आहे? जा खुशाल. आणि हसले मोठ्याने. मला फार काळजी होती, पण ते हसले."

तेत्सुजीचा हात आपोआप सुमिकोच्या दगडावर टेकला. त्याचा बापही हसला होता. जा बाबा, तिकडे मेणाचे दिवे आहेत, आपल्याकडे काय, मुळे आणि चिखल, असं म्हणून हसला होता. तो किती हलकेपणाने निघाला होता त्या हसण्यावर. भावाने सांगितलं ते फार उशिरा, स्वतः मरायला टेकल्यावर. तू गेलास त्या संध्याकाळी बाबा गोठ्यात जाऊन बसले, म्हणाला. आई दोनदा बोलवून आली. जेवायलाही उठले नाहीत.

आणि बाप गेला तेव्हा सणाच्या ऑर्डरी होत्या. सासऱ्यांनी जा म्हटलं, पण त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते आणि मेण कढईत तापलेलं होतं. शेवटच्या भेटीला तो पोचला नाही. अंत्यविधीला पोचला तर दारात टेबल टाकून बसलेल्या चुलतभावाने त्याच्या हातातलं दुखवट्याच्या पैशाचं पाकीट घेतलं आणि वहीत नोंद करताना विचारलं, "हागिनो कसं लिहितात?" मग त्याला घरच्यांच्या मागच्या रांगेत बसवलं, पेठेतून आलेल्या मानाच्या पाहुण्यांत. बापाची तसबीर अंत्ययात्रेत मुलाने उचलायची, ती भावाने उचलली. तेत्सुजी चहा पिऊन परत आला.

हे सगळं त्याने कधी दुःख म्हणून मोजलं नव्हतं. पेठेतली रीत म्हणून सोसलं होतं. आज या पोराच्या तोंडून तो बंदरावरचा न्हावी हसला, आणि तेत्सुजीच्या पायांखालची जमीन सरकली. ज्या घरासाठी एक वाडी पुसली गेली त्या घरात आता होतं काय? थंडगार खोल्या, वारसा समितीने बाहेरून रंगवून दिलेली भिंत, आणि मेणबत्त्या मागवणारी दोन-तीन देवळं, त्यांपैकीही एकाने विजेच्या आणल्या. आणि तो काय करायला निघाला होता? आणखी एका बापाला हसायला लावायला.

खाली उतरताना त्याने फुमिएला बाजूला घेतलं. मंडळी पुढे झरा बघत होती.

"फुमिएबाई, मी त्या पोराला नको म्हणणार आहे."

फुमिए थांबली. "कशाला?"

"त्याच्यासाठी. त्याने नाव टाकू नये."

"अगोबाई." तिने कमरेवर हात ठेवले. "आपल्या घरी नुसता मूठभर कोंडा असला तरी घरजावई होऊ नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. तुम्हाला आज कळलं? आणि नाव टाकायचं म्हणता, तर मी काय केलं? माझ्या सासूने काय केलं? पेठेतली एकूणएक बाई नाव टाकूनच आली की. आमच्यासाठी नाही कोणी झऱ्याकाठी थांबून उसासे टाकले."

"खरंय तुमचं."

"आहेच खरं." मग तिचा आवाज जरा उतरला. "सुमिकोला काय सांगाल?"

"ती गेली."

"म्हणून तर विचारते. जिवंत माणसाशी भांडता येतं. गेलेल्याला दिलेला शब्द कोणाकडे परत मागणार?"

पण तेत्सुजीचं ठरलं होतं. उरलेल्या फेरीत तो काय बोलला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. किस्से आपोआप येत गेले, लोक हसत गेले. त्याला मात्र जाळ्यांमागच्या रिकाम्या खोल्याच दिसत होत्या. साकेवाल्यांच्या बाईंचा मुलगा टोकियोत. कागदवाल्यांच्या घरात आता फक्त तिकीटखिडकी. सगळं गाव नवरीसारखं सजवून ठेवलेलं आणि घरात माणूस नाही. गाव सुंदर आहे म्हणून लोक फोटो काढत होते. त्याला त्या फोटोंची चीड आली.

फेरी हागिनोंच्या दारापाशी संपते. आपल्या घराची स्तुती आपण करायची नसते, म्हणून तेत्सुजी इथे नेहमी एवढंच म्हणायचा, "हे आमचं, दाखवण्यासारखं काही नाही," आणि पाहुण्यांना निरोप द्यायचा. मास्तरांनी हात हलवला, मैत्रिणींनी नोरेनचा फोटो घेतला, फुमिए जाता जाता एकदा वळून बघून गेली. उरले ते तिघं.

"चहा टाकते," म्हणून मिसाओ आत गेली. "बाबा, त्याला मेण दाखवा ना."

पुढच्या मातीच्या जमिनीच्या खोलीतच कढई होती. तेत्सुजीने निखारे फुंकले. वेताच्या काडीवर गुंडाळलेली वात एका हाताने फिरवत, दुसऱ्या हाताने कोमट मेण चोळायचं, सुकू द्यायचं, पुन्हा चोळायचं. झाडाच्या खोडात वर्षं चढतात तशी थरावर थर चढत मेणबत्ती जाड होते. हातात चमचा नाही, हातमोजा नाही, नुसता तळवा. तेत्सुजीचा उजवा तळवा गुळगुळीत होता, त्यावरच्या रेषा कधीच बुजल्या होत्या. त्याने तो नाओतोपुढे उघडा धरला.

"हे बघ. ज्योतिषाकडे गेलो तर पैसे परत करेल."

पोराला घाबरवायचं होतं त्याला. पण नाओतोने तो हात दोन्ही हातांत घेऊन नीट बघितला, बाह्या वर केल्या, आणि म्हणाला, "मी करून बघू?"

त्याने वात घेतली, मेण घेतलं. पहिला थर चढला. कणकेत वाढलेला हात होता तो, किती दाबायचं आणि कुठे सोडायचं हे त्याला सांगावं लागलं नाही. तेत्सुजीला स्वतःला हे जमायला दोन हिवाळे लागले होते. हात चांगला होता, आणि तेच वाईट होतं. मेणाचा वास दाटला, बाहेरच्या उन्हाने नोरेनवरची खूण जमिनीवर पडली, आणि क्षणभर तेत्सुजीचं मन डळमळलं. राहू दे त्याला. एवढं थोडं सुख घे पदरात म्हातारपणी. मग त्याच्या डोळ्यांपुढे तो न्हावी आला, दुकान बंद करून आरशापुढच्या खुर्चीत एकटा बसलेला.

"नाओतो," तो म्हणाला. "इकडे दाराशी ये."

दोघं उंबऱ्यापाशी उभे राहिले. आत मिसाओची भांडी वाजत होती.

"या घरात काही नाही," तेत्सुजी म्हणाला. "एवढ्याशासाठी माणसाने आपलं नाव टाकू नये. तू परत जा."

बोलून झाल्यावर त्याला आपले शब्द ऐकू आले. तेच शब्द. त्याने मुद्दाम काढले नव्हते, पण दुसरे कुठून आणणार? या दाराने त्याला तेवढेच शिकवले होते.

नाओतोचा पोक गेला. तो ताठ झाला, चेहरा गंभीर झाला, आणि तो कमरेत वाकला. "माझी योग्यता नाही. पण पदरात घ्या."

"नाही, नाही. ऐक. मी रीत म्हणून बोलत नाहीये."

"हो," नाओतो म्हणाला, वाकलेलाच.

"अरे, खरंच सांगतो. जा. तुझ्या वडिलांपाशी जा. ते हसले ते..." तेत्सुजीला पुढचं सांगायचं होतं. गोठा, मागची रांग, पाकिटावरचं नाव. पण सगळा जन्म त्याने फक्त मालाची हलकी बाजू सांगण्यात घालवला होता, तीही समोरच्याने मानू नये अशा आवाजात. खरं सांगायचा वेगळा आवाज त्याच्याकडे नव्हता. "ते हसले ते खरं नव्हे," एवढंच तो कसंबसं म्हणाला. "आणि मी... मी इथे सुखी झालो नाही. माझा जन्म फुकट गेला इथे."

नाओतोने मान वर केली. त्याचे डोळे ओले होते, आणि त्यांत इतका आदर होता की तेत्सुजीला भीती वाटली.

"केवढं हलकं करून सांगता तुम्ही," तो म्हणाला. "सकाळी तो किस्सा सांगितला नसता तर मला हे खरंच वाटलं असतं."

आणि तो गुडघ्यांवर बसला. मातीत, मेण लागलेल्या हातांनी. त्याने कपाळ उंबऱ्याला टेकवलं.

"नाव टाकून येतो मी. सांभाळून घ्या. कृपा करून सांभाळून घ्या."

मिसाओ चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लहानपणी बाप बाहेरगावाहून आला की ती अशीच उभी राहायची. "आई असायला हवी होती," ती म्हणाली.

तेत्सुजीने तोंड उघडलं. अजून एकदा सांगायला हवं होतं, मुलीच्या तोंडावर सांगायला हवं होतं, ओरडून, पेठेला ऐकू जाईल असं. पण अजून एकदा म्हणजे तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा म्हणजे हो, हे आता या दोघांनाही पाठ झालं होतं. त्यानेच केलं होतं पाठ, दर रविवारी, गोड वड्यांबरोबर.

त्याला सासरे दिसले. इथेच, याच जागी. त्यांच्या त्या वेळच्या पाठीकडे त्याने कधी नीट बघितलं नव्हतं, तो खाली मान घालून उंबरा बघत होता. ते कुठून आले होते, त्यांचं आधीचं नाव काय होतं, हे त्याने त्यांना मरेपर्यंत विचारलं नाही. ते खरं बोलत होते. तीनदा खरं बोलले होते, आणि त्याने हसून साऱ्या जगाला त्याचा विनोद करून सांगितला होता.

त्याचा चेहरा त्याच्या ताब्यात राहिला नाही. पोरांना तो दिसू नये म्हणून त्याने पाठ फिरवली, हात वर केले आणि नोरेनची काठी धरली.

मागे नाओतो उठत होता. त्याच्या गुडघ्यांवरची माती मिसाओ झटकत होती आणि रडता रडता हसत होती.

"बघ, बघ," ती हळूच म्हणाली. "तसंच करताहेत. हसू दिसू नये म्हणून."

काठी सरळच होती. तेत्सुजी ती सरळ करत राहिला.